प्लॅन वाढवू नका, आधी राउटर हलवा: घरचं वायफाय नीट करायची सगळी कृती

वायफाय स्लो चालतंय म्हटलं की दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे "बंद करून चालू कर" आणि दुसरा "शंभरचा प्लॅन आहे ना, दोनशेचा घे". पहिल्याने दहा मिनिटं बरं वाटतं, दुसऱ्याने फक्त कंपनीला बरं वाटतं. ओळखीपाळखीत, नातेवाइकांत, सोसायटीत बरीच घरं बघितल्यावर माझं मत असं झालंय की चार-पाच माणसांच्या घराला १०० एमबीपीएस पोटभर असतात, घोळ होतो तो राउटरपासून बेडरूमपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत. आणि तो घोळ निस्तरायला पैसे फार लागत नाहीत, एक मोकळी संध्याकाळ लागते, एक लॅपटॉप, एक लॅन केबल आणि एक स्टूल. स्टूल कशाला ते पुढे कळेल.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

हे न करता लोक डायरेक्ट नवीन राउटर ऑर्डर करतात आणि मग तो पण स्लो चालतो म्हणून कंपनीला शिव्या घालतात. तर आधी मोजायचं.

राउटरच्या मागे लॅन लिहिलेली पोर्टं असतात, त्यातल्या एकात केबल लावून दुसरं टोक लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा (हे विसरलं की सगळी टेस्ट फुकट), आणि फास्ट डॉट कॉम किंवा उकलाची स्पीडटेस्ट चालवा. घरातल्या बाकीच्यांना दोन मिनिटं फोन खाली ठेवायला सांगा, ऐकतील तर. ही टेस्ट एकदा सकाळी करायची आणि एकदा रात्री नऊ ते साडेदहाच्या मध्ये, कारण रात्री अख्खी बिल्डिंग ओटीटीला बसलेली असते. दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा, डाउनलोड पण आणि अपलोड पण, त्याच्या खाली पिंग (म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ) म्हणून मिलिसेकंदांत एक आकडा येतो तो पण.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल, आजकालच्या पातळ लॅपटॉपना नसतंच, तर राउटरपासून चार-पाच फुटांवर फोन घेऊन उभे राहा आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला (वायफायचे २.४ आणि ५ असे दोन पट्टे असतात, पुढे येईल) जोडून तीच टेस्ट करा, शंभर टक्के अचूक नाही पण अंदाज येतो.

इथे एक गोष्ट नेहमी गोंधळ करते म्हणून आत्ताच सांगतो, प्लॅनमध्ये लिहिलेले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि डाउनलोड करताना कॉम्प्युटर दाखवतो ते बहुतेक वेळा मेगाबाइट. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण माल मिळतोय, कोणी फसवलेलं नाहीये.

आता निकाल बघा. तारेवर सकाळी फुल स्पीड आणि रात्री निम्म्याच्या खाली, तर दोष कंपनीकडे आहे, त्यांनी एका लाइनवर जास्त घरं जोडलीयेत, तुम्ही घरात काहीही हलवलं तरी फरक पडणार नाही, शेवटचा भाग वाचा. तारेवर दोन्ही वेळा फुल आणि बेडरूममध्ये रडारड, तर दोष तुमच्या घरात आहे, सगळंच वाचा. आणि प्लॅन दोनशे-तीनशेचा असून तारेवर कायम ९४-९५ लाच अडकत असेल तर ती एक वेगळीच गंमत आहे, त्याचं कारण केबलच्या भागात येईल.

किती स्पीड लागतो खरं तर? नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोरकेला १५ पुरतात. झूमच्या चांगल्या क्वालिटीच्या ग्रुप कॉलला तीन-चार लागतात. म्हणजे नवरा-बायको दोघं घरून काम करतायत, दोघांच्या मीटिंग चालू, हॉलमध्ये आजी फोरकेमध्ये सिरियल बघतायत, पोरगं रील्स बघतंय, तरी बेरीज तीसच्या आसपास. शंभर म्हणजे ऐसपैस. अडतं ते बऱ्याचदा अपलोडला, कारण काही प्लॅनमध्ये डाउनलोड शंभर देतात आणि अपलोड त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, आणि नेमकं मीटिंगच्या वेळी कोणाच्या तरी फोनवरून लग्नाचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात. मीटिंगमध्ये "तुमचा आवाज तुटतोय" असं समोरचे म्हणत असतील पण तुम्हाला त्यांचा नीट येत असेल, तर अपलोड बघा. मीटिंगच्या वेळात फोनचा फोटो बॅकअप थांबवून ठेवा, तेवढ्यावर पण कित्येकदा काम भागतं.

राउटर कुठे ठेवलाय, हीच सगळी गोष्ट

पुण्यातल्या फ्लॅटांमध्ये बिल्डरने टीव्हीचा पॉइंट हॉलच्या कोपऱ्यात दिलेला असतो, फायबर लावायला आलेला मुलगा तिथूनच तार आत घेतो, आणि राउटर तिथेच टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात जातो. वर काचेचं दार. पुढे सेट टॉप बॉक्स. शेजारी स्टीलची फ्रेम केलेला फोटो. हॉलचा तो कोपरा म्हणजे घराचं एक टोक, त्यामुळे अर्धा सिग्नल बाल्कनीतून खाली पार्किंगला जातो आणि वॉचमनच्या केबिनमध्ये तुमच्या बेडरूमपेक्षा चांगली रेंज येते. खरंच येते, बघा एकदा जाऊन.

सिग्नल मोजायला फोनमध्ये वायफाय अॅनालायझर नावाची फुकट अॅप्स मिळतात, अँड्रॉइडवर भरपूर आहेत, कुठलंही चालेल. आयफोनवर अॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी टाका आणि सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या पानावर जाऊन वायफाय स्कॅनर चालू करा. यात आकडा येतो तो मायनसमध्ये, डीबीएम. जेवढा शून्याच्या जवळ तेवढा चांगला. मायनस ५० म्हणजे मस्त, मायनस ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो, मायनस ७५ च्या खाली गेलं की चाक फिरायला लागतं, मायनस ८० ला नुसतं जोडलेलं दिसतं, चालत काही नाही. फोनवरच्या त्या पंख्याच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या फार उदार असतात.

मावसभावाचा कर्वेनगरला टू बीएचके आहे, त्याच्याकडे आम्ही हे केलं ते सांगतो. राउटर वर सांगितला तसाच, युनिटच्या कप्प्यात. हॉलमध्ये सोफ्यावर मायनस ४५, पॅसेजमध्ये ६० च्या आसपास, आणि मागच्या बेडरूममध्ये जिथे तो कामाला बसतो तिथे ७६, आणि त्याने टेबल फिरवून पाठ भिंतीकडे केली की ७९. मधे काय होतं तर टॉयलेटची भिंत, आतून टाइल, पाइपलाइन, आणि बेडरूमच्या बाजूने त्याच भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. आम्ही फक्त एवढंच केलं की फायबरची तार कॉर्निसवरून फिरवून पॅसेजच्या माळ्याच्या कडेवर आणली, राउटर तिथे उभा ठेवला, आणि कपाट दीड फूट सरकवलं. बेडरूममध्ये मायनस ६१. हॉलमध्ये थोडं कमी झालं, ५२, पण तिथे टीव्ही मस्त चालतोय त्यामुळे कुणाला पत्ता पण लागला नाही. खर्च दोन क्लिपांचा.

तर जागा कशी शोधायची. राउटर चालू ठेवून त्याच्या वायरी पोचतील तिथपर्यंत दोन-तीन जागी ठेवून बघा, स्टूलवर चढून वरच्या कडेला पण (म्हणून स्टूल), आणि प्रत्येक जागेला घरातल्या ज्या दोन ठिकाणी सगळ्यात जास्त काम चालतं तिथे जाऊन आकडा बघा. घराचा मध्य बघा, उंची पाच-सहा फूट ठेवा, आणि उघड्यावर ठेवा. माळ्याच्या कडेवर म्हणालो, माळ्याच्या आत दिवाळीच्या डब्यांमागे नाही.

सिग्नलला सगळ्यात वाईट काय तर धातू आणि पाणी. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा (मागे धातूचा मुलामा असतो), फिशटँक, बाथरूमच्या वर ठेवलेली पाण्याची टाकी. स्लॅबमध्ये सळ्या असतात म्हणून रो हाउसमध्ये वरच्या मजल्यावर मार खातो. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो, त्यामुळे तो चालू असताना त्या पट्ट्यातलं वायफाय गचके खातं, राउटर किचनच्या भिंतीवर नको. आणि पेठेतल्या जुन्या वाड्यांत किंवा जुन्या लोड बेअरिंग बिल्डिंगमध्ये भिंतीच एवढ्या जाड असतात की एका राउटरने दोन खोल्यांच्या पुढे जायची अपेक्षाच ठेवू नका, तिथे सरळ दुसरा पॉइंट लागतो.

अँटेनांचं पण थोडं. अँटेना उभा असला की सिग्नल आडवा पसरतो, टोकातून नाही निघत. एकाच मजल्यावरचा फ्लॅट असेल तर सगळ्या उभ्या ठेवा, वरचा मजला गाठायचा असेल तर एक आडवी करा. कोळ्याच्या पायांसारख्या आठ दिशांना वाकवून काही होत नाही.

तार हलवताना एक काळजी, ती पांढरी किंवा काळी बारीक फायबर काचेची असते, तिला नव्वद अंशात दुमडू नका, गोल वळण द्या. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढलात तर त्याच्या तोंडाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून प्रकाश येतोय का ते बघू नका, तो लेसर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. फायबर ज्या डब्यात येते त्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकला म्हणजे फायबरमधून सिग्नल येतच नाहीये. तार लांबवायची असेल तर लाइनमनला बोलवा, थोडेफार पैसे घेईल पण जोड नीट मारून देईल.

राउटरच्या आत शिरा

हे लोकांना घाबरवतं आणि घाबरण्यासारखं यात काहीच नाही, सगळं बिघडलं तरी मागे टाचणीच्या टोकाने दाबायचं एक रीसेटचं बटण असतं. फक्त रीसेट मारण्याआधी कंपनीकडून मिळालेलं युजरनेम-पासवर्ड जवळ आहे का ते बघा, काही लाइनींना ते परत टाकावं लागतं, आणि ते नसेल तर कस्टमर केअरच्या गाण्यावर अर्धा तास जातो.

राउटरच्या खाली स्टिकर असतो. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता, आणि लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. तो पत्ता ब्राउझरमध्ये अर्थातच इंग्रजी आकड्यांत टाका, पान उघडतं. स्टिकरचा आधी फोटो काढून ठेवा, दोन उन्हाळ्यांत तो पुसट होतो.

आत गेल्यावर काय काय बघायचं. वायरलेस नावाच्या भागात दोन पट्टे दिसतील, २.४ आणि ५. दोघांचा स्वभाव उलटा आहे, २.४ हळू पण भिंतीपलीकडे जातो, ५ जोरात पण भिंतीला भितो. आजकाल दोघांना एकच नाव देऊन राउटरलाच ठरवू द्यायची सोय असते, स्मार्ट कनेक्ट किंवा तत्सम नावाने. ज्यांच्या घरी सगळं नीट चालतंय त्यांनी ते तसंच ठेवावं. पण जुना किंवा कंपनीने दिलेला साधा राउटर असेल तर मी दोन वेगळी नावं द्यायच्या पक्षाचा आहे, म्हणजे लॅपटॉप, टीव्ही आणि चांगले फोन हाताने ५ वर टाकायचे आणि स्मार्ट बल्ब, प्लग, सीसीटीव्ही, प्रिंटर हे सगळं २.४ वर. यातल्या बहुतेक वस्तूंना ५ समजतच नाही, म्हणून तर "नवीन बल्ब जोडलाच जात नाहीये" ही तक्रार होते.

मग चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या लेन. सोसायटीत अॅनालायझर उघडलं तर तीस-चाळीस नेटवर्कं दिसतात आणि त्यातली निम्मी एकमेकांच्या डोक्यावर बसलेली असतात. २.४ मध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. या तिघांत जिथे कमी गर्दी दिसते तो निवडा, आणि मधले ३, ४, ८ असले निवडू नका, रिकामे दिसतात पण दोन्ही बाजूंचा त्रास घेतात. चॅनलची रुंदी २.४ ला २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० ठेवली की कागदावर स्पीड वाढतो आणि सोसायटीत प्रत्यक्षात कमी होतो. ५ मध्ये जागा भरपूर आहे, तिथे रुंदी ८० ठेवा आणि चॅनल ३६ ते ४८ मधला किंवा १४९ च्या पुढचा. मधले ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले असतात, राउटरला रडारची चाहूल लागली तर त्याला नियमाने चॅनल सोडून पळावं लागतं, आणि चालू झाल्यावर पण आधी मिनिटभर कान देऊन मगच बोलायचं असा नियम आहे. तेव्हा पुण्यात विमानतळाजवळ, लोहगाव, विमाननगर बाजूला राहणाऱ्यांचं ५ चं नेटवर्क मधेच गायब होऊन परत येत असेल तर हे एक तपासून बघण्यासारखं कारण आहे.

सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए२ किंवा राउटर आणि फोन दोन्ही नवे असतील तर डब्ल्यूपीए३. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायचं प्रकरण बंद करा, त्याचा आठ आकडी पिन फोडता येतो हे २०११ पासून सगळ्यांना माहितीये. राउटरचा स्वतःचा लॉगिन पासवर्ड (वायफायचा नाही, या पानाचा) अॅडमिन-अॅडमिन असेल तर बदला. आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करून द्या, गणपतीत घरी येणारी सगळी मंडळी त्याच्यावर, मग दरवर्षी मूळ पासवर्ड बदलायची कटकट नाही आणि तुमच्या कॅमेऱ्यांपर्यंत कुणी पोचत नाही.

वायफाय उघडं ठेवायला काय हरकत आहे, शेजाऱ्यांनी वापरलं तर वापरलं, असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून पाठवलेला निघाला होता, आणि तपास आधी त्या घरातल्या माणसाच्या दारात जाऊन थांबला होता. काकांना एवढंच सांगायचं.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलला की स्पीड डबल होतो असं व्हिडिओंमध्ये सांगतात, नाही होत. साइट उघडायला होणारा पहिला उशीर थोडा कमी होऊ शकतो, बाकी काही नाही.

जे हलत नाही त्याला तार लावा

टीव्ही हलत नाही. कामाचा लॅपटॉप दिवसभर एकाच टेबलावर असतो. यांना हवेतून कशाला पाजायचं? या दोघांना लॅन केबल दिली की वायफाय फोनांसाठी मोकळं होतं, हा माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा उपाय.

केबल घेताना कॅट ६ घ्या, कॅट ५ई पण चालते, दोन्हीवर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, आपल्या फ्लॅटमध्ये तेवढं अंतर कुठेच नाही. पुण्यात तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीची कापून दोन्ही टोकांना कनेक्टर मारून देतात, फक्त तिथल्या तिथे टेस्टरवर आठही दिवे लागतात का ते बघून घ्या, आणि तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते ती नको.

आठ दिव्यांचं का म्हणतोय, तर ती ९४-९५ ची गंमत इथे आहे. १ गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार तुटकी असेल, किंवा कुणी काटकसर म्हणून चारच जोडल्या असतील, किंवा राउटरची पोर्टंच १०० वाली असतील, तर लाइन गुपचूप १०० वर चालते आणि टेस्टमध्ये कायम ९४-९५ दिसतात. बरेच महिने लोक दोनशेचा प्लॅन भरतात आणि शंभर वापरतात. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००/१०० आलं की समजायचं. जाता जाता, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट पण १०० चंच असतं, पण फोरकेला १५ लागतात हे लक्षात घेता त्याचं दुःख करू नये.

केबल कुठून न्यायची? टेलिफोन आणि टीव्हीसाठी बिल्डरने भिंतीतून पाइप टाकलेले असतात, जुन्या बीएसएनएलच्या तारा आत नुसत्या पडून असतात. वायरमनला सांगितलं की तीच जुनी तार ओढायला वापरून नवीन लॅन केबल आत घेऊन देतो. लाईटच्या वायरींच्या पाइपातून मात्र नेऊ नका.

जुना राउटर फेकू नका

कंपनी बदलताना उरलेला, कपाटाच्या वर पडलेला एक राउटर प्रत्येक घरात असतो. वर सांगितलेली केबल लांबच्या बेडरूमपर्यंत गेली असेल तर त्याचा दुसरा पॉइंट होतो, रिपीटर (सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा) घ्यायची गरज नाही. कृती अशी.

जुना राउटर रीसेट करा, मेन राउटरला न जोडता फक्त लॅपटॉपला लॅनने जोडा. त्याचं पान उघडा. मोडमध्ये अॅक्सेस पॉइंट असा पर्याय असेल तर तो निवडा, बाकीचं बरंचसं तो स्वतः करतो. नसेल तर हाताने: आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड मेन राउटरचेच हुबेहूब टाका आणि चॅनल मात्र वेगळा द्या, मेन १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. मग लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता बदला, मेनचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, शेवटचा आकडा मेन राउटर इतरांना वाटतो त्या यादीतला नसावा, ती यादी मेनच्या डीएचसीपीच्या (म्हणजे पत्ते वाटण्याच्या) पानावर दिसते. सेव्ह केल्यावर नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि आता याचं डीएचसीपी बंद करा. हा क्रम पाळा, डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि पान उघडेनासं होतं. शेवटी मेन राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल याच्या पण लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन लिहिलेल्या, बहुतेक निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही, ते रिकामं राहू द्या.

फोन घेऊन हॉलमधून बेडरूममध्ये चालत जा, फोन आपोआप जवळच्या पॉइंटला सरकतो. काही फोन आधीच्याला चिकटून बसतात, तेव्हा वायफाय बंद-चालू करा, किंवा मेनची ताकद ट्रान्समिट पॉवरमध्ये जाऊन थोडी कमी करा, हो, कमी करा.

केबल न्यायची सोयच नसेल, भाड्याचं घर आहे, मालक खिळा मारू देत नाहीत, तर मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी हवेतून बोलून एकच नेटवर्क करणाऱ्या डब्यांचा सेट. रिपीटर स्वस्त मिळतो पण साधा रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो म्हणून स्पीड निम्मा होतो, आणि लोक तो नेमका जिथे सिग्नल मेलाय तिथे लावतात. ठेवायचा तर मधल्या वाटेवर, जिथे मेनचा सिग्नल मायनस ६५ च्या आत आहे. मेशचं पण हेच, आणि त्यात थ्री बीएचकेला दोन डबे पुरतात, दुकानदार तीनचा सेट गळ्यात मारेल.

गुरुवारची लाईट

पुण्यात महावितरणचा दुरुस्तीचा वार म्हणजे गुरुवार, आणि वळवाचा पाऊस आला की वार बघत नाही. राउटरच्या बॅकअपसाठी मोठा इन्व्हर्टर लागत नाही, छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अॅडॉप्टरवरचा आकडा बघा, बहुतेक १२ व्होल्ट असतात पण काही ९ चे पण असतात, आणि अँपिअर अॅडॉप्टरवर लिहिलेत तेवढे किंवा जास्तच हवेत. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांना दोन आउटपुट लागतात, हे विसरून लोक एकच घेतात आणि मग राउटर चालू, नेट बंद.

बॅकअप किती चालेल ते खोक्यावरच्या तासांवर जाऊ नका. मिलिअँपिअर अवर ला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. १०,००० असेल तर ३७ वॉट-तास, त्यातले तीस हाती लागतात धरा. दोन डबे मिळून १५ वॅट खात असतील तर दोन तास. दुपारच्या शटडाउनला कमी पडेल, तेव्हा मोठी बॅटरी घ्या.

आणि त्याआधी केबलवाल्याला हे विचारा की घरापर्यंत फायबर येते का गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल खाली सोडलीये. फायबर असेल तर मधल्या वाटेवरच्या स्प्लिटरला लाईट लागतच नाही, तुमच्या घरात बॅकअप असला की नेट राहतं. गच्चीवर स्विच असेल तर बिल्डिंगची लाईट गेली की तो पण मेला, तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. शिवाय गच्चीवरून आलेली तांब्याची तार मे-जूनमधल्या कडकडाटात राउटरचं पोर्ट जाळते, काचेच्या फायबरमधून वीज येत नाही. एवढ्या एका कारणासाठी पण फायबर मागून घ्यावी.

दोष कंपनीचा निघाला तर

सगळ्यात आधी लिहून ठेवलेले ते तारेवरचे सकाळ-रात्रीचे आकडे आता कामाला येतात. फोन केल्यावर "नेट स्लो आहे" म्हणू नका, समोरचा "राउटर रिस्टार्ट करा" वाचायला लागतो. "लॅन केबलवर, वायफाय बंद ठेवून, रात्री दहाला एवढा आणि सकाळी एवढा मिळतोय" असं सांगा, आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवा. बोलण्याची पद्धत बदलते, अनुभव आहे. एलओएसचा लाल दिवा असेल तर तेवढा एकच शब्द सांगितला की लाइनमन पाठवतात.

तक्रार नुसती केबलवाल्या दादाला फोन करून नको, डॉकेट नंबर (तक्रार नोंदवल्याचा क्रमांक) घ्या. गल्लीतला केबलवाला कितीही ओळखीचा असला तरी बिलावर ज्या कंपनीचं नाव असतं ती जबाबदार, दादा बहुतेक वेळा त्यांची फ्रँचायझी असतो, आणि तो "वरूनच प्रॉब्लेम आहे" म्हणतो तेव्हा वर कोण आहे ते बिलावर छापलेलं असतं. बिल मिळतच नसेल, नुसतं गूगल पे करून मोकळे होत असाल, तर आधी बिल मागा, त्यात १८ टक्के जीएसटी भरताय तुम्ही. ते बघताना एफयूपीची (म्हणजे वापराच्या मर्यादेची) ओळ पण वाचा, अनलिमिटेड म्हटलेल्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, साध्या घराची कधी संपत नाही, पण चार कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर त्यात ते पण मोजले जातात.

डॉकेट घेऊनही काही हललं नाही तर ट्राय या टेलिकॉमच्या नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीकडे अपील करता येतं, तक्रारीची मुदत उलटल्यापासून ३० दिवसांच्या आत, त्याची फी नसते, अपील कुठे पाठवायचं ते कंपनीच्या वेबसाइटवर असतं, ईमेलने जातं. त्यात जुना डॉकेट नंबर आणि ते स्क्रीनशॉट जोडायचे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर पण आहे, मराठीत बोलता येतं. आणि कंपनी बदलायचं ठरलंच तर वर्षाचा प्लॅन एकदम भरून बसू नका, पहिले तीन महिने घ्या आणि त्यात एकदा तरी रात्री दहाला तार लावून टेस्ट मारा.